तिसरी पिन

दूध काढायचं मशीन घ्यायचं तर जुनंच घ्यायचं, असं माझं म्हणणं होतं, आणि आमच्या घरात माझं म्हणणं चालतं. त्याला कारण माझी अक्कल नाही, माझा आवाज. नवरा सातपूरला एका कंपनीत फिटर आहे, शिफ्टवर जातो, घरी आला की जेवतो आणि झोपतो. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या दिवसभरात जेवढं बोलतात त्यातलं निम्मं गाईंशी असतं. उरले मी. मला राग पटकन येतो आणि जाताना काहीतरी फोडून जातो. आजवर दोन मोबाईल, मिक्सरचं एक भांडं आणि देवघराची काच माझ्या हातून गेली आहे. हे सगळं मी हसत सांगू शकते. पुढचं हसत सांगता येणार नाही.

गोठ्यात तेव्हा सहा दुभत्या गाई होत्या आणि सहाही मीच पिळायचे. आईंचे गुडघे गेलेले, त्यांना उकिडवं बसता येत नाही. धार काढताना त्या गाईच्या पुढ्यात आंबोणाची पाटी घेऊन उभ्या राहायच्या, एक हात गाईच्या मानेवर. तीन वर्षं असं चाललं. मग माझ्या उजव्या हाताची दोन बोटं बंड करून उठली. सकाळी जाग यायची तेव्हा ती मिटलेली असायची. डाव्या हाताने धरून एकेक उघडावं लागायचं आणि उघडताना कट्ट आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, दूध काढणं बंद करा. त्यांना काय जातंय सांगायला.

तर मशीन. नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला. नामपूरकडच्या एका माणसाने गाई विकून टाकल्या होत्या आणि मशीन पडून होतं. नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही पिकअप करून गेलो. कांदे साठवायच्या चाळीत, रिकाम्या गोण्यांच्या ढिगाखाली ते होतं. मालकाने गोण्या बाजूला केल्या, फडक्याने धूळ झटकली आणि म्हणाला, “ताई, मशीन एकदम भारी शे. काहीच टेन्शन नही.”

मी म्हटलं, ते आम्ही बघू.

पंधरा दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघून माझी सगळी तयारी झाली होती. सडाला लावायच्या चार कपांपैकी एकात मी अंगठा घातला आणि त्याला मशीन चालू करायला लावलं. कपातलं रबर अंगठा धरायचं, सोडायचं, धरायचं, सोडायचं, वासरू चोखतं तसं. मी घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा धरतं ते मोजलं. मध्येच एक ठोका चुकत होता, तो पकडला. रबरांना चिरा पडल्या होत्या, त्या नखाने उघडून दाखवल्या. हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरची काच फुटली होती, तीही दाखवली. पंपातलं तेल बोटावर घेऊन हुंगलं. मालक नवऱ्याकडे वळून म्हणाला, “दादा, तुमनी घरवाली भलती कडक शे.” माझी छाती फुगली. एवढं सगळं तपासलं, आणि काळ्या वायरच्या टोकाला तीन पिनांचा चांगला नवा प्लग आहे, याकडे मी एकदा नजर टाकून पुढे गेले. वायरीत काय बघायचं?

पुढचे आठ दिवस नवऱ्याने मशीनवर जीव लावला. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून पंपाच्या पात्या नव्या करून आणल्या, रबरं बदलली, मीटर बदललं. गोठ्याच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर मोटर आणि पंप बसवला. तिथून हवा ओढणारा लोखंडी पाईप त्याने गाई बांधायच्या खांबांवरून नेला आणि पहिल्या खांबाला बांधकामाच्या तारेने करकचून आवळला. हे खांबही लोखंडीच, जुन्या पाण्याच्या पाईपचे. सगळं जोडून झालं आणि शेवटी प्लग बोर्डात बसेना. गोठ्यातला बोर्ड पुरातन, दोनच भोकांचा.

“उद्या नवीन बोर्ड आणतो, अर्थिंगचा खड्डा पण करतो,” असं म्हणून तो सेकंड शिफ्टला गेला.

उद्या हा शब्द माझ्यासाठी नाहीच. संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती, बोटं ठणकत होती आणि समोर तयार मशीन. मी लोखंड कापायची ब्लेड घेतली, प्लग पायाखाली दाबून धरला आणि वरची जाड पिन कापून टाकली. पाच मिनिटांचं काम. उरलेल्या दोन पिना बोर्डात अशा बसल्या की जणू त्यासाठीच केल्या होत्या. बटण दाबलं, मशीन चालू. नवरा आल्यावर म्हणाला, “बसलं का?” मी म्हटलं, “बसलं.” त्याने चालू मशीन बघितलं, त्यालाही बरं वाटलं, आणि बोर्डाचा विषय तिथेच संपला.

दीड महिना माझ्यासारखी सुखी बाई तालुक्यात नव्हती. तासाभरात सहा गाई. बोटं सरळ झाली. मी घोट्याच्या वर येणारे काळे गमबूट घेतले, व्हिडिओतले लोक घालतात तसे. त्यावरून आईंचं आणि माझं वाजलं. आई गोठ्याच्या उंबऱ्याशी चपला काढतात, मग खाली शेण असो, मूत असो, पाणी असो. गाई उभ्या असतात ती लक्ष्मीची जागा, तिथे चामडं-रबर पायात घालून जायचं नाही, हे त्यांच्या आईपासून चालत आलेलं. “देवळात बूट घालून जातेस तू,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “देवळात देव पायावर पाय देत नाही.” मला वाटलं, जिंकले.

आणि मी मशीन जपत होते. हे मला लिहून ठेवायचंच आहे, कारण मी निष्काळजी नव्हते. दोन्ही वेळा गरम पाण्यात सोडा घालून कप धुवायचे, ब्रश घालून नळ्या घासायच्या. मग पाण्याचा पाईप लावून फरशी, भिंत, स्टँड, मोटर, सगळ्यावर फवारा. नवरा एकदा म्हणाला, मोटरवर पाणी मारू नको. मी म्हटलं, मग तिच्यावर शेण वाळू देऊ का? मोटर अशी चकचकीत असायची की बघणाऱ्याला नवीच वाटावी.

मग लाल गाय फिरली.

लाल म्हणजे आमची जर्सी क्रॉस, सगळ्यात जास्त दूध देणारी, पहिल्या खांबाची मानकरी. तिला एकच खोड, दावं चघळून तोडायची, म्हणून ती साखळीला. बाकीच्या नायलॉनच्या दोरीने. एका सकाळी मशीन लावलं आणि तिने मागचा पाय झाडला. कप उडाले, शेणात पडले आणि शेण ओढायला लागले. मी पुन्हा धुऊन लावले. तिने पुन्हा झाडले. तिसऱ्यांदा तिची लाथ माझ्या डाव्या मनगटावर बसली. हात खांद्यापर्यंत बधिर झाला आणि डोळ्यांपुढे पांढरं आलं. कोपऱ्यात ठिबकच्या काळ्या पाईपचा हातभर तुकडा पडला होता. तो मी उचलला आणि तिच्या पाठीवर ओढला.

पाईप पोकळ असतो, त्याचा आवाज मोठा येतो. फाट्. तिची कातडी थरथरली आणि पाठीवर एक रेघ उठली. मी अजून चार मारले. मग कप लावले. ती उभी राहिली. माझ्या मनाने नोंद घेतली, की मारलं की राहते.

त्या दिवसापासून पाईप दूध काढण्याचाच भाग झाला. आधी मारायचं, मग लावायचं. लाथ मारली की पुन्हा मारायचं. ती दूध चोरायला लागली, कास भरलेली आणि बादलीत चूळभर. एक सड सुजून दगडासारखा झाला. मी त्याला औषध भरायचे आणि त्याच हाताने तिला बडवायचे. पाईप ठेवायला मी भिंतीत एक खिळा ठोकला, कपांच्या शेजारी. संध्याकाळी कप धुताना पाईपही धुवायचे.

खरं सांगायचं तर मारताना बरं वाटायचं. दिवसभराचं सगळं त्या पाईपात यायचं, नवऱ्याची झोप, आईंचं गप्प राहणं, डेअरीवरच्या पोऱ्याचं तोंड वाकडं करणं. पहिल्या फटक्याला राग असायचा. पाचव्या फटक्याला राग उरलेला नसायचा, तरी हात थांबायचा नाही.

आई पुढ्यात उभ्या असायच्या, अनवाणी, हात गाईच्या मानेवर. त्या म्हणायच्या, “अगं मारू नको. मशीन लागलं की तिच्या अंगाला मुंग्या येतात.”

“तुम्हाला कानात सांगितलं का तिने?”

“माझ्याबी हाताला येतात ना. कोपरापर्यंत.”

त्यांना शुगर आहे. मुंग्या म्हटल्यावर मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, शुगरमध्ये असं होतं, नसा कमजोर होतात. इंजेक्शनं सुरू झाली, एक दिवसाआड. मुंग्या जाईनात. मी म्हटलं, पथ्य पाळत नाही तुम्ही, चहात साखर घेता लपून. त्या म्हणाल्या, नाही गं. मी म्हटलं, मग गाईसारखं खोटं का बोलता? असं मी माझ्या सासूला म्हटलं. गाय दूध चोरते आणि म्हातारी साखर, असा माझा हिशेब.

एक दिवस त्या हट्टाला पेटल्या. “तू हात लाव तिला. मशीन चालू असताना लावून बघ.” मी लावला. गमबूट घालून, दोन्ही हात गाईच्या मानेवर, चांगला मिनिटभर. काही नाही. “कुठायत मुंग्या?” मी विचारलं. आईंनी माझ्या हाताकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनाही वाटलं असेल, आपलंच काहीतरी बिघडलंय.

त्यानंतरच्या आठवड्यात मी लालचे मागचे पाय दोरीने बांधून दोरी मागच्या भिंतीतल्या कडीला ओढली आणि साखळी इतकी आखूड केली की तिचा जबडा लोखंडी खांबाला टेकला. म्हटलं, आता मार लाथ. मशीन चालू केलं. तिला हलता येईना. तिने जो आवाज काढला तो मी कधी गाईच्या तोंडून ऐकला नव्हता. पाठीची कमान झाली, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं, तिथेच मुतली आणि पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. कप निघाले, बादली कलंडली, सगळं दूध नालीत.

मला ते दूध दिसलं, गाय दिसली नाही. मी तिला खाली पडलेली मारली. पाठीवर, मानेवर, तोंडावर. एक फटका पाईपच्या कापलेल्या टोकाने बसला आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली कातडी फाटली. रक्त जबड्यावरून साखळीवर आलं. आईंनी पाटी फेकून दिली आणि तिच्या डोक्यावर वाकल्या, तेव्हा मी थांबले. थांबले म्हणजे, पुढे आई होत्या म्हणून थांबले.

डोळा वाचला. गुरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. मी त्याच दिवशी व्यापाऱ्याला फोन केला, मारकी गाय आहे, घेऊन जा. आई म्हणाल्या, “आठ दिवस थांब. हातानं काढून बघू.” मी म्हटलं, तुमचे गुडघे देता का मला, बसायला? दोन दिवसांनी टेम्पो आला. आईंनी तिला कुंकू लावलं, टाक्यांना हात लागणार नाही असं, आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं.

पहिला खांब रिकामा झाला. तो मशीनजवळचा, नळी पुरायला सोयीचा. तिथे मी काळीला आणलं. काळी ही गोठ्यातली सगळ्यात गरीब गाय, तिच्या पोटाखालून कोंबड्या फिरायच्या. तिची दोरी जीर्ण झाली होती आणि खांबाला चांगली साखळी लटकत होती. तीच लावली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी काळीने लाथ मारली.

मी बघतच राहिले. मग मला जो राग आला तो आजवरच्या सगळ्या रागांचा बाप होता. म्हटलं, हीसुद्धा? एकीचं बघून दुसरी शिकली? खिळ्यावरचा पाईप काढला आणि दोन्ही हातांनी उचलून मारला. मधे आई आल्या. त्यांनी हात आडवा धरला होता. मनगटाच्या वर फटका बसला आणि या वेळी आवाज पाईपचा नव्हता.

आई ओरडल्या नाहीत. ओल्या फरशीवर बसल्या, हात पोटाशी धरून. काळी त्यांच्या डोक्याशी पाय आपटत नाचत होती. तिचा खूर आईंवर पडेल म्हणून मी तिचं तोंड ओढायला धावले. तिने माझ्या बुटावर पाय दिला. मी जिवाच्या आकांताने पाय उपसला, बूट तिथेच राहिला, माझा उघडा पाय पाण्यात पडला आणि दोन्ही हातांनी मी साखळी धरली.

बोटांपासून खांद्यापर्यंत झिणझिणी चढली. दात एकमेकांवर आपटले. मी हात सोडला आणि पुन्हा धरला, कारण मला खरं वाटेना. पुन्हा तेच. मग मी एका बुटाने लंगडत बोर्डापर्यंत गेले आणि बटण बंद केलं. पंपाचा आवाज थांबला, आणि काळी तिथल्या तिथे शांत उभी राहिली. शेपटीने माशी हाकलली. पाटीत तोंड घातलं.

आई खालून माझ्याकडे बघत होत्या. “आल्या ना मुंग्या?” त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं दुखत असतानाही सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्यांना वेड लागलं नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

दवाखान्यात हाड मोडल्याचं निघालं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, “गाईनं लाथ मारली.” डॉक्टर हसून म्हणाले, विकून टाका अशी गाय. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले.

नवरा टेस्टर घेऊन गोठ्यात गेला. बटण चालू करून तो मोटरला लावला, दिवा लागला. पाईपला लावला, लागला. खांबाला, साखळीला, लागला. पाणी मारून मारून मोटरच्या आतलं आवरण गेलं होतं आणि करंट बाहेरच्या लोखंडावर उतरत होता. फार नव्हता, माणसाला फेकून देईल एवढा नव्हता. ओल्या फरशीवर चार उघडे पाय ठेवून लोखंडी साखळीला बांधलेल्या जनावराला पुरेल एवढा होता. त्याने प्लग उपसून हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

“तिसरी पिन कुठे गेली?”

“मी कापली.”

“तो करंट जमिनीत नेणारी पिन होती ती.” मग म्हणाला, “आई मेली असती.” पुढे त्याने लालचं नाव घेतलं नाही, पण खिळ्याकडे बघितलं. रात्रीचं न जेवता झोपला. त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मलाही ओरडायला जागा मिळाली असती.

आठवड्यात सगळं दुरुस्त झालं. मोटरची आतली तार सातपूरहून नव्याने गुंडाळून आणली, तीन भोकांचा बोर्ड बसला, मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा झाला, मोटरवर पत्र्याची टोपी आली. काळी डोळे मिटून रवंथ करत दूध द्यायला लागली. आईंची इंजेक्शनं बंद केली. मुंग्या गेल्या होत्या. एवढं झाल्यावर आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “आता आपली लाल घेऊन ये.”

मला त्याहून दुसरं काही नकोच होतं. ती परत आली, पहिल्या खांबाला उभी राहिली, तर झालं ते पुसता येईल असं मला वाटत होतं. व्यापाऱ्याला रोज फोन केला. तो टाळत होता, शेवटी वैतागून म्हणाला, पेठकडे एका म्हाताऱ्याला दिली. त्याने वाडीचं नाव सांगितलं. नवरा शिफ्टला होता, मीच पिकअप केली. आई म्हणाल्या, मी येणार.

घाटाच्या वळणांनंतर वाडी सापडली. कुडाचं घर, शेजारी छप्पर, मातीची जमीन, लाकडी खुंट. आम्ही पोचलो तेव्हा म्हातारा लालची धारच काढत होता. तिचे पाय मोकळे होते, दावं सुताचं, सैल. पितळी लोट्यात धार वाजत होती आणि ती मान वळवून त्याची पाठ चाटत होती.

“लय गरीब गाय,” तो म्हणाला. “लाथ काय ती तिला ठावूकच नाय.”

मी आमची गोष्ट सांगितली, म्हणजे अर्धी सांगितली. मशीनमध्ये करंट होता, गाय घाबरली होती, चुकून विकली, सासूबाईंचा जीव तिच्यात आहे. तुम्ही दिले तेवढे पैसे देऊ, वर दुसरी चांगली गाय बघून देऊ. म्हातारा बायकोकडे बघायला लागला. बायको आत निघून गेली. आई एव्हाना चपला काढून आत गेल्या होत्या आणि लालच्या गळ्यात एक हात टाकून रडत होत्या. लाल त्यांचं प्लास्टर हुंगत होती. म्हातारा ते बघून म्हणाला, “न्या मग. तुमची म्हातारी रडते, मी काय बोलू.”

मी दाव्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात तो म्हणाला, “पण हे डोळ्याखाली काय झालं व्हतं? यापारी बोलला, कुंपनाची तार लागली.”

“हो,” मी म्हटलं. “तारच.”

आईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

म्हाताऱ्याने दावं सोडून माझ्या हातात दिलं. मी दावं धरल्याबरोबर लालची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत थरथरायला लागली. ती उभ्या जागी मुतली. मला वाटलं, आता अडेल, ओढेल, लाथ मारेल. तिने काहीच केलं नाही. मी एक पाऊल टाकलं, तिने एक टाकलं. मी थांबले, ती थांबली. कान मागे पाडून, डोकं खाली घालून ती माझ्यामागे पिकअपकडे चालायला लागली. जायचं आहे आणि मार खायचा आहे हे तिला माहीत होतं, तरी ती येत होती. आणि मला हे सगळं दिसत होतं, तरी मी दहा-बारा पावलं चालले, कारण मला ती हवी होती.

मग मला पुढे जाता येईना. मी वळून म्हाताऱ्याला म्हटलं, “तार नव्हती. पाईप होता. मी मारलं तिला. खाली पडली होती तेव्हा मारलं.”

तो आला. माझ्या हातातून दावं घेतलं. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार होते. तो गाईशीच बोलला, “चल बाय, चल घरात.” ती त्याच्या बरोबरीने, भरभर, आत गेली. त्याची बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली होती. तिने कप तसेच परत नेले.

मोकळी पिकअप घाट उतरायला लागली. एका बाजूला ड्रायव्हर, मधे मी, खिडकीशी आई. मी रडत होते आणि ते मला लपवता येत नव्हतं. म्हटलं, “आई, मी आणली नाही तिला.” त्या म्हणाल्या, “बरं केलंस. तिथं बरी हाय ती.”

वळणावर धुळीचा लोट आत आला. खिडकीची काच वर करावी म्हणून मी त्यांच्या बाजूला हात उचलला. आईंनी प्लास्टरचा हात झटकन पदराखाली ओढून घेतला आणि अंग चोरून दाराला चिकटल्या. क्षणभरच. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “राहू दे काच. वारं येतंय.”